फेर्मीनचं थांबणं

फेर्मीन कारास्कोचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. दारूची पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात सहाला जाळ पेटलेला हवा. ओकच्या फळ्या तापल्याशिवाय वाकत नाहीत, आणि उन्हं चढल्यावर स्पेनमधल्या हेरेसमध्ये जाळापाशी उभं राहवत नाही. त्या सप्टेंबरात मात्र तो चारलाच उठायला लागला होता. कॉफी पोटात गेली की स्वयंपाकघरात नाच. पायात मोजे, म्हणजे खालच्या बिऱ्हाडाची झोपमोड नको.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मोजे घालून नाचतो म्हणून सान्तियागो आळीत त्याला कुणी हसलं नाही. द्राक्षांचा हंगाम आटोपला की आळीच्या फ्लामेंको क्लबात रविवारी दुपारी जलसा असतो. त्यात एकट्याने नाचायची पाळी त्याला दुसऱ्यांदा मिळाली होती. पहिल्या खेपेला त्याने माती केली होती. लोक हसले नाहीत. नाच संपल्यावर त्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. हेरेसमध्ये टाळी नाच चालू असताना वाजते, नाचणाऱ्याच्या ठेक्याला ठेका देत. शेवटी वाजलेल्या सभ्य टाळीचा अर्थ एकच, आता घरी जा. तिसरी संधी क्लब कुणाला देत नाही, आणि फेर्मीनचा उजवा गुडघाही देणार नव्हता.

त्या खेपेला तो फारुका नाचला होता. फारुका हे सडसडीत, लांब पायांच्या पुरुषांचं काम. ताठ अंग, झटक्यात गिरकी. फेर्मीन बुटका आणि रुंद. कारखान्यात त्याला पिंपच म्हणत. तरी यंदाही त्याला फारुकाच हवा होता, कारण त्याचा बाप तो नाचायचा. मागच्या वेळी गिटार कमी पडली, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. सेव्हियाहून एक चपळ बोटांचा गिटारवाला आणायचा, म्हणून वर्षभर शनिवारची जादा पाळी करून त्याने पैसे बाजूला टाकले होते.

गाणार होती कातालिना आत्या. बापाची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, आवाज कानशीसारखा. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुझा बाप काठी होता," ती म्हणाली. "तू आईवर गेलायस. काठीचे कपडे पिंपाला चढवू नकोस."

"गाणार की नाही तेवढं सांग, आत्या."

"काय गायचं ते ठरू दे."

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या सुट्टीआधीच ती बटाट्याचं ऑम्लेट घातलेला पाव घेऊन कारखान्यात हजर झाली आणि एका पालथ्या पिंपावर बसली. फेर्मीन लोखंडी कडं ठोकत होता. ठोका, पाऊल, ठोका, पाऊल, पिंपाभोवती फेरी. हे सगळेच कारागीर करतात. पण मधेच तो थांबला. तळवा लाकडावर, मान कललेली, खांदे उतरलेले. कुठे ढिलं आहे ते तो ऐकत होता. मग एकच ठोका, नेमका.

आत्याने पाव खाली ठेवला.

जाळावरचा एउस्ताकियो मागून म्हणाला, "हातोडा घेऊनच चढव त्याला स्टेजवर. टुरिस्ट पैसे फेकतील."

"तू जाळ बघ. ठोके काय, तूही मारतोस." मग ती फेर्मीनकडे वळली. "पुन्हा थांब."

"कसा?"

"आत्ता थांबलास तसा."

त्याला आठवेना. आपण काही केलं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"गाढवा, तू थांबतोस तेव्हा नाचतोस. तुला सोलेआ पाहिजे."

फेर्मीनने हातोडा खाली ठेवला. सोलेआ हा नाच संथ, जड. गाण्याच्या ओळींमध्ये एवढी जागा की उभं राहता येत नसेल तर माणूस तिथेच उघडा पडतो. फारुकात धावपळीमागे लपता येतं. त्याने सेव्हियाच्या गिटारवाल्याचं काय करायचं ते विचारलं. तो एकही जागा मोकळी सोडणार नाही, त्यापेक्षा माझा निकोलास वाजवेल, आत्या म्हणाली. निकोलास तिचा मुलगा, पोस्टमन. त्याला थोडंच येतं, पण गप्प बसता येतं.

तालमीला क्लबात पहिलं पाऊल पडलं आणि तिघेही खाली बघू लागले. आवाज भिजलेल्या खोक्याचा. धावत्या नाचात ते कधी कळलं नव्हतं; सोलेआत प्रत्येक ठोका एकटा असतो. फेर्मीनने गुडघा टेकून फळी बोटाने दाबली. पाइन, कुजलेलं. तो घरी गेला. पुढचा आठवडाभर कामावरून सुटल्यावर तो क्लबात असायचा. एउस्ताकियोलाही त्याने ओढलं होतं.

रविवारी दुपारी क्लब गच्च भरला होता. आत्याने पहिली ओळ काढली. फेर्मीन हलला नाही. दुसरी ओळ. तरी नाही. बारच्या बाजूला कुणीतरी पेला ठेवला, तो ऐकू आला. गिटार थांबली. मान कलली, खांदे उतरले, तळवा हवेत, जणू खाली पिंप आहे. आत्याचा आवाज चढत गेला, फाटला, आणि त्या फाटलेल्या जागी टाच पडली. एकच. घुमली भिंतीपर्यंत.

मागून एउस्ताकियोची टाळी आली, हलकी, पोकळ, बरोबर तालात. मग शेजाऱ्याची. मग सगळ्या खोलीची, नाचाच्या आत. फेर्मीन चालला, ठोकला, पुन्हा थांबला, आणि प्रत्येक थांबण्याला खोलीने श्वास रोखला. गुडघा आहे हे तो विसरला. आत्या खुर्चीतून उठून गायला लागली. तिला उभं राहून गाताना निकोलासनेही पाहिलं नव्हतं.

शेवटी टाळ्यांचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. जो तो त्याला मिठी मारायला स्टेजवर चढला, आणि चढल्यावर खाली बघू लागला. पायाखाली जाड, रंधा मारलेला, पिंपांचा असतो तसला ओक होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सेव्हियाच्या गिटारवाल्याचे पैसे तिथे गेले होते.