शिव्या देताना हजर राहायचंय

शिवणाच्या कारखान्यात माझ्या मावशीला सगळे कात्री म्हणतात. ती कापड कापते आणि तिची जीभही तशीच चालते. मालकाला ती तोंडावर सुनावते, मला तर उठता-बसता. एका माणसापुढे मात्र तिची दातखिळी बसायची. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा.

मामा चारचौघांत देवमाणूस. पाहुणे जमले की त्याचा ठरलेला विनोद असे: लहानपणी ही फार रडायची, मग मी हिला कपाटात कोंबून कडी लावायचो, की घर कसं शांत! लोक हसायचे. मावशीही हसायची आणि त्याच्या कपात चहा ओतायची. नंतर विचारलं तर तिला तो चहा आठवायचा नाही. म्हणायची, मी काचेपलीकडून बघत असते, हात माझेच, पण हलवतंय दुसरंच कोणीतरी. मला तो चहा मामाच्या टकलावर ओतावासा वाटायचा. अजूनही वाटतो.

एकदा ती कामावर असताना मामाचा फोन आला. फोन ठेवून तिनं कापडाचा थर कापला, पण डाव्या बाह्यांसाठी साचा उलटवायचाच राहिला आणि सगळ्या बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. असं कधी झालं नव्हतं. मालक ओरडला नाही, उलट त्यानं पाणी दिलं. त्या दयेनंच ती पेटली आणि मला घेऊन थेट समुपदेशक बाईंकडे गेली.

उपचारातून काय हवंय, असं बाईंनी विचारलं.

"भावाला शिव्या द्यायच्यात. आणि देताना मला तिथे हजर राहायचंय."

"हजर राहण्याचं आपण बघू," बाई म्हणाल्या. "शिव्यांचं तुमचं तुम्ही बघा."

बाईंनी समजावलं की कडी लावलेल्या कपाटातून पळता येत नव्हतं, म्हणून मन एकटंच पळालं. तेव्हा त्यानं तिला वाचवलं. आता कडी नाही, पण मनाला ते कोणी सांगितलेलं नाही. शिवाय 'आता मी गेले, परत येणार नाही, वेड लागणार' हा विचार आला की भीती वाढते आणि माणूस आणखी दूर जातं. मग हा विचार खरा का, ते त्यांनी तपासायला लावलं. मावशी मुद्दाम दिव्याकडे टक लावून तसं धूसर वाटून घ्यायची, मग पाय जमिनीवर दाबायची, खिशातला जाड कापडाचा तुकडा चिमटीत धरून त्याची वीण ओळखायची. दर वेळी परत यायची. कंटाळायची, बाईंवर चिडायची, पण सराव सोडला नाही. सुडासारखी चिकाटी दुसऱ्या कशात नसते.

मामाच्या निवृत्तीच्या जेवणाला सगळे जमले. विनोद आला. मावशीचे डोळे क्षणभर काचेसारखे झाले. मग तिचा हात खिशात गेलेला दिसला.

"दादा, पुढचंही सांग ना," ती शांतपणे म्हणाली. "आत माझा श्वास कोंडायचा, मी दारावर नखं घासायचे. तू बाहेर उभा राहून हसायचास. बोटांतून रक्त यायचं, ते आईला दिसू नये म्हणून तूच पुसायचास. सांग की सगळ्यांना."

कोणी हसलं नाही. मामाचा चेहरा पांढरा पडला, नजर तिच्यावरून घसरून भिंतीकडे गेली, मान उगाच हलत राहिली. मावशीनं त्याच्या तोंडासमोर टिचकी वाजवली.

"कुठे चाललास? पाय जमिनीवर टेकव. माझ्याकडे बघ. शिव्या अजून सुरू व्हायच्यात."