मुकादम मॅडमची उभी बैठक

आमच्या ऑफिसात 'जवळजवळ' हा शब्द उच्चारायला बंदी होती. ही बंदी कुठे लिहिलेली नव्हती. लिहिलेलं आमच्याकडे कुणी वाचत नसे. पण कुणी चुकून म्हणालं, "मॅडम, तो रिपोर्ट जवळजवळ झालाय," की रुकय्या मुकादम हातातलं पेन खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि फार गोड आवाजात विचारायच्या, "जवळजवळ शिजलेला भात कोणाला वाढतोस रे तू?" आपण मुकाट्याने जागेवर जायचं आणि भात शिजवायचा.

गोष्ट २००१ सालची. रत्नागिरीत सॉफ्टवेअरची कंपनी असू शकते, हेच तेव्हा लोकांना पटत नसे. "मुलगा कुठे असतो?" या प्रश्नाला सन्मानाची उत्तरं दोनच, मुंबई किंवा आखात. माझी आई "इथंच असतो, कॉम्प्युटरवर" असं म्हणाली, की समोरची बाई मायेने तिच्या हातावर हात ठेवून म्हणायची, "लागेल हो कुठेतरी." आमच्या कंपनीच्या नावात 'ग्लोबल' हा शब्द होता आणि ऑफिस औषधाच्या दुकानाच्या माडीवर होतं. मालक लिमये सर. त्यांची कागदावर अपार श्रद्धा होती. मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याचं काम आम्हाला मिळालं, तेव्हा सरांनी आधी दोनशे बारा पानांचा दस्तऐवज तयार केला, त्याला स्पायरल बाइंडिंग केलं, आणि तो कारखान्याच्या मालकांकडून सही करून आणला. मग आम्ही आठ महिने त्या पानांबरहुकूम प्रोग्रॅम लिहीत बसलो. कारखाना कसा दिसतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मासे खायला आम्ही सगळे पुढे. पण तिथला वास सहन करायचा तर शिक्षण कशाला घेतलं?

अशा वेळी मुकादम मॅडम आल्या. इथल्याच राजिवड्याच्या. चाळिशी नुकतीच उलटलेली. बारा वर्षं कुवेतला नवऱ्याबरोबर होत्या, तिथे एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काम केलेलं. नवरा गेला, आणि त्या म्हाताऱ्या आईकडे परत आल्या. इतका अनुभव असलेलं माणूस रत्नागिरीत राहायला तयार आहे, यानेच लिमये सर इतके भारावले की मुलाखतीत त्यांनी काही विचारलंच नाही. पहिल्या दिवशी आमच्यासमोर त्यांना उभं करून सर म्हणाले, "आडनावच मुकादम! आता ह्या पोरांवर नजर ठेवायचं काम तुमचं." स्वतःच्या विनोदावर सर बराच वेळ हसले. मॅडम त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "कारखान्यात कोण कोण जाऊन आलंय?"

कुणीच नाही.

"बरं. मग रिक्षा बोलवा."

त्यांनी मला आणि मनालीला बरोबर घेतलं. मनाली आमच्याकडे प्रोग्रॅम तपासण्याचं काम करायची. ती बोलत फारशी नसे, चुका मात्र बरोबर शोधायची, त्यामुळे आमच्यात तिच्याशीही कुणी फारसं बोलत नसे. कारखान्यात माल उतरवून घ्यायच्या टेबलावर सुगंधा नावाची बाई होती. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायात गमबूट, डोक्याला फडकं. वीस वर्षं हेच काम. मॅडमनी आमचा प्रोग्रॅम तिच्यासमोर लावला आणि म्हणाल्या, "सुगंधाताई, आलेला माल ह्याच्यात लिहून दाखवा."

माझा तो प्रोग्रॅम फार देखणा होता. एका पेटीसाठी सात रकाने, प्रत्येक रकान्यात खाली उघडणारी यादी. सुगंधाने ओला हातमोजा माऊसवर ठेवला. तो सुळकन सरकून टेबलाखाली गेला.

"काय म्हंताव ह्येला?"

"माऊस. म्हणजे उंदीर," मी म्हणालो.

"मंग बरोबर हाय. पलाला." तिने हातमोजा झटकला, थेंब माझ्या शर्टावर आले. "बाय, त्येच्यासाठी हातमोजा काढायचा, पुन्ना हात धुवायचा, पुन्ना घालायचा. तवर माज्या म्हावऱ्यावरचा बरफ वितळंल तो?"

ऑफिसात आल्यावर मॅडम थेट सरांच्या खोलीत गेल्या. भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे आम्हाला कान देण्याचे कष्ट पडले नाहीत.

"पण दस्तऐवजावर मालकांची सही आहे!" सर म्हणत होते.

"सही मालकांची आहे, सर. हातमोजे सुगंधाचे आहेत."

आठ महिन्यांचं काम बाजूला पडलं. मी दोन दिवस घरी धड जेवलो नाही. मग मॅडमनी नवी रीत घातली. दर दोन आठवड्यांनी एकच छोटी गोष्ट पूर्ण करायची, कारखान्यात न्यायची, सुगंधाला वापरायला द्यायची, तिने तोंड वाकडं केलं की बदलायची. पहिल्या खेपेला आम्ही फक्त एक स्क्रीन नेला. त्यावर सहा मोठाले आकडे, सहा जातींच्या माशांचे, आणि खाली प्लॅस्टिकने झाकलेली आकड्यांची बटणं. इंजिनिअर म्हणवून घ्यायची लाज वाटावी इतकं साधं काम. सुगंधाने कोपराने एक बटण दाबलं, चिठ्ठी छापून आली, आणि तिने शेजारणीला हाक मारली, "गो, बग गो ह्यां!" माझ्या सात रकान्यांना असा मान कधी मिळाला नव्हता.

रोज सकाळी दहा मिनिटांची बैठक असे, तीही उभ्याने. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. "बसलात की भाषणं सुचतात," मॅडम म्हणायच्या. शिवाय त्यांनी मला आणि मनालीला एका कॉम्प्युटरवर, एका कीबोर्डसमोर बसवलं. मी लिहायचं आणि तिने बघायचं, मग उलट. मला हा धडधडीत अपमान वाटला. चार दिवसांत मनालीने माझ्या देखत माझ्या अकरा चुका काढल्या, त्याही न हसता. पाचव्या दिवसापासून मी तिला चहा विचारू लागलो.

हे सगळं नीट चाललेलं असताना लिमये सर पुण्याला तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. मोठ्या हॉटेलात होती. येताना एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि एक शब्द घेऊन आले. त्यांनी आम्हाला जमवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "उद्यापासून आपण एजाईल होतोय."

"म्हणजे काय करायचं सर?" मनालीने विचारलं. तिने आपणहून बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सरांनी समजावून सांगितलं: छोटे टप्पे, गिऱ्हाइकाला वरचेवर दाखवणं, रोजची उभी बैठक. आम्ही मॅडमकडे पाहिलं. मॅडम वहीत अगदी मन लावून टिपणं घेत होत्या.

सरांनी एजाईलची अंमलबजावणी झपाट्याने केली. बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या. त्यामुळे दुपारी डबा खायलाही आम्ही उभेच. भिंतीवर फळा आला, त्यावर 'करायचं', 'चालू' आणि 'पूर्ण' असे तीन रकाने आणि चिकटवायला पिवळ्या चिठ्ठ्या. रत्नागिरीच्या दमट हवेत त्या चिठ्ठ्या दुपारपर्यंत टिकत. संध्याकाळी केर काढणाऱ्या मावशी 'चालू' आणि 'पूर्ण' दोन्ही एकाच सुपलीत गोळा करून नेत. संघभावना वाढावी म्हणून सर आम्हाला आरे-वारेच्या किनाऱ्यावर घेऊन गेले, रस्सीखेच ठेवली, आणि स्वतः ज्या बाजूला होते ती बाजू जिंकेपर्यंत खेळ थांबवला नाही. सकाळच्या बैठकीलाही ते येऊ लागले आणि चाळीस मिनिटं बोलू लागले. पाचव्या दिवशी मॅडमनी त्यांना आदबीने विचारलं, "सर, काल आपण काय केलंत?" सर बराच वेळ आठवत राहिले. पुढच्या दिवसापासून त्यांना सकाळी बँकेची कामं निघू लागली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. एका शनिवारी, सगळे गेल्यावर, मी पेटीवरची चिठ्ठी छापणाऱ्या भागात एक बदल केला. अक्षरं थोडी ठसठशीत दिसावीत, एवढाच हेतू. मनालीला दाखवला नाही. एवढ्याशा बदलासाठी कुणाला कशाला त्रास? सोमवारी दुपारी कारखान्यातून सुगंधाचा फोन आला. तिने थेट मॅडमना मागितलं.

"मॅडम, पेटीवर माकूल लिवलंय नि आत कोळंबी हाय. सकाळपास्नं शीतघरात गेलेल्या समद्या पेट्या तशाच."

ठसठशीत अक्षरं बसवताना माझ्याकडून माशांची नावं एका ओळीने सरकली होती. कंटेनर त्याच संध्याकाळी निघायचा होता. परदेशात त्यांतली एक पेटी जरी उघडली गेली असती तर सगळा माल परत आला असता, आणि कारखान्याने आमच्याबरोबर सुगंधालाही बाहेर काढलं असतं; चिठ्ठ्या तिच्या हातून लागल्या होत्या. मॅडमनी कुणी केलं, का केलं, काही विचारलं नाही. "स्वेटर कोणाकडे आहेत?" एवढंच विचारलं. रत्नागिरीत स्वेटर कोणाकडे असणार? कारखान्याचे जाड कोट घालून मॅडमसकट ऑफिसातले आम्ही चौघं आणि सुगंधाच्या सहा बायका त्या शीतघरात शिरलो. दहा मिनिटं आत, पाच मिनिटं बाहेर. चिठ्ठी काढायची, पेटी उघडून बघायची, नवी लावायची. माझी बोटं इतकी बधिर झाली की चिठ्ठी पेटीला चिकटली की बोटाला, कळेना. सुगंधा माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कळला हातमोजा कशास लागतो तो?" कंटेनर वेळेवर सुटला.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. कारखान्याच्या मालकांनी लेखी खुलासा मागितला होता.

"कोणी केलं हे?"

"टीमनं," मॅडम म्हणाल्या.

"टीम म्हणजे कोण? मला कागदावर एक नाव हवंय."

मी माझ्या बुटांकडे बघत होतो. त्या दिवशी माझे बूट फारच प्रेक्षणीय होते.

"मग माझं लिहा," मॅडम म्हणाल्या.

सरांनी लिहिलं. पुण्याला आमची शाखा उघडणार होती आणि ती मॅडम सांभाळणार हे ठरल्यासारखं होतं. त्या खुलाशानंतर तिथे दुसऱ्या कुणाची तरी नेमणूक झाली.

त्या रात्री मी काय काय विचार केला ते सांगण्यासारखं नाही. त्यातले बरेचसे स्वतःला माफ करणारे होते. सकाळच्या बैठकीत माझी पाळी आली. "काल मी गप्प राहिलो," मी म्हणालो. "चूक माझी होती. आज सरांना जाऊन सांगणार. अडचण... भीती वाटतेय."

मनालीने मान खाली घातली. मॅडमनी माझ्याकडे नेहमीसारखंच पाहिलं.

"भीतीला मी काय करू बाबा? ती तुझी तूच बघ. पुढे. मनाली, तुझं काय?"

मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच म्हणाले, "तुझा प्रामाणिकपणा आवडला. पण पत्र कालच गेलंय. आता नाव बदललं तर बरं दिसणार नाही. डॉक्युमेंट फायनल झालंय."

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "तुम्हाला माहीत होतं, मी केलं ते?" मी विचारलं.

"मनालीला सोमवारीच सापडलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं तुला होतं," त्या म्हणाल्या, आणि पुढ्यातल्या कामाकडे वळल्या.

पुढे मी पुण्याला गेलो. माझ्या हाताखाली माणसं आली, आणि कुणाची चूक झाली की वरून नाव विचारणारे साहेबही आले. त्यांतल्या दोन वेळा मी माझं नाव दिलं. तिसऱ्या वेळी दिलं नाही. ते अजून टोचतं.

मॅडम गेल्याचं मनालीने फोनवर कळवलं. मी पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. राजिवड्याच्या त्यांच्या घरी ओट्यावर बायका-पुरुष येऊन जात होते. पायरीवर सुगंधा बसलेली. मॅडमचे थोरले भाऊ आखातातून त्याच दिवशी आले होते. मला जवळ बसवून घेत ते म्हणाले, "सुहासराव, तुम्ही तिच्या हाताखाली होतात. आमची रुकय्या तिथं नेमकं करायची काय? आम्हाला कधी समजलंच नाही."

मी सांगायला लागलो. टीम, छोटे टप्पे, पद्धत. ते नम्रपणे मान हलवत होते. मी अडखळलो, आणि सुगंधा पायरीवरून म्हणाली, "आमच्याकडं कोन बी सायब आला तर दारातनं बोलतो, नाकाला रुमाल लावून. मॅडम येयाची नि जेवणाच्या सुट्टीत माज्या बाजूला बसायची. काय जमतंय, काय नाय, समदा इचारायची. तासन्‌तास."

भावाने चमकून तिच्याकडे पाहिलं. "रुकय्या? तिला म्हावऱ्याचा वास सहन होत नव्हता. लहानपणापासून. घरात शिजायला लागलं की शेजारी जाऊन बसायची."

हे मला नवीन होतं. पाच वर्षं मी त्यांच्याबरोबर त्या कारखान्यात जात होतो.

"म्हाईत हाय," सुगंधा म्हणाली. "तोंड वाकडा करायची. पन बसायची."