भाड्याचा करंज

आमच्या कंपनीचं टेकडीवर वृक्षारोपण होतं. खड्डे तयारच होते. मी रोपाची काळी पिशवी फाडायला गेले, तर नर्सरीच्या मावशींनी माझा हात धरला.

"ताई, फाडू नका. फोटो झाले की परत न्यायचीत. भाड्याची आहेत."

झाडंही भाड्यानं मिळतात?

"हा करंज सलग तिसऱ्या वर्षी लावतोय," त्या सहज म्हणाल्या.

पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आली होती. दर वर्षी त्यांना खड्डा दाखवायचा आणि माती लागायच्या आत उचलायचं! जेवायला बसवून पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं तसं. मला शिसारी आली.

"मॅडम, इकडे बघा. हसा जरा!" फोटोग्राफर ओरडला.

आणि मी हसले.