दुधनेच्या डोहात भिजलेलं लुगडं

निजामाच्या राजवटीत आमच्या वालूरकडच्या गावातली पोरं शाळेत उर्दू शिकत, मास्तरांचं ऐकत. आमची म्हैस मात्र फक्त आईचं ऐकायची. आईचा हात कासेला लागल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. दुसरं कुणी चरवी घेऊन बसलं की लाथ ठरलेली.

पौषात आई तीन दिवसांच्या तापात गेली. मी दहा वर्षांची, धाकटा भाऊ अंगावर पिणारा. तो रडून हैराण, आणि म्हैस दूध चोरून उभी. तेव्हा काकूनं आईचं न धुतलेलं लुगडं माझ्याभोवती गुंडाळलं.

"बोलू नको. गप बस अन् धार काढ."

म्हशीनं पदर हुंगला, कान हलवले आणि चरवी भरली. मग रोज तसंच. फसायची बिचारी! खरं सांगायचं तर मीही फसायची. पदरात तोंड खुपसलं की आई गोठ्यातच कुठंतरी आहे असं वाटायचं.

चैत्रातल्या एका सकाळी धार काढून मी तशीच म्हशीच्या पाठीवर बसून दुधना नदीकडं निघाले. लुगडं सोडायचं राहून गेलं. ऊन चढलं, मला डुलकी लागली. तापलेल्या म्हशीला पाणी दिसल्यावर कोण अडवणार? जाग आली तेव्हा आम्ही डोहाच्या मधोमध होतो. म्हशीची शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वर, डोळे मिटलेले. शिंगावर एक चतुर बसला होता. पाणी कोमट, हिरवट. लव्हाळ्यात बगळे हलतही नव्हते. आपण असंच तरंगत राहावं, घरी कुणी बोलावूच नये, असं वाटलं.

मग दिसलं, लुगडं माझ्याभोवती पाण्यावर फुगून पसरलं होतं. ओढून हुंगलं. नुसता चिखलाचा वास.

संध्याकाळी भाऊ भुकेनं लालबुंद झाला. "आता म्हस शिवू देती का न्हाई गं?" काकू घाबरून म्हणाली. मी परकर-पोलक्यातच कासेशी बसले, डोळे मिटून लाथेची वाट बघत. म्हशीनं मान वळवून माझा खांदा हुंगला, केस हुंगले. तिला कसलीच घाई नव्हती. मग मागचा पाय जरा सरकवला, आणि चरवीत धार वाजली.

भाऊ पोटभर प्याला. काकूनं माझी दृष्ट काढली. मी मात्र गोठ्यात बसून हमसून हमसून रडले. आता म्हैससुद्धा आईची वाट बघत नव्हती.