क्रांजीतलं अर्धं पाणी

सुरुवातीलाच सांगतो – आमच्या घरात भूत, पिंड, श्राद्ध यातलं काहीही चालत नाही. अकोल्याचं बौद्ध कुटुंब, त्यात मी सिंगापुरात, वन-नॉर्थच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हाच माझा धंदा! या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय. आता तुम्ही हसा.

माझे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत होते. महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत सिंगापुरात. गावात त्यांच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. इथे मात्र जिम नावाच्या कॅनेडियन जवानाने त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि सरळ तोंड लावून प्यायला. पुढे जिम इथेच मारला गेला, पणजोबा घरी परतले. मला एवढीच गोष्ट माहीत होती.

त्यांचा मुलगा म्हणजे माझे आजोबा, वय अठ्ठ्याऐंशी. मी इथे आल्यापासून फोनवर त्यांचा एकच धोशा – "बाबू, त्या जिमले भेटून ये. माह्या बापाच्या वतीनं थँक्यू म्हण. पानी-बिनी वाहू नको, ते आपल्यात नाही. पण मी हाओ तवर जाऊन ये."

दोन वर्षं मी 'पुढच्या संडेला' म्हणत टोलवलं. मग मागच्या महिन्यात आजोबांना अ‍ॅडमिट केलं, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

त्याच रविवारी सकाळी क्लेमेंटीच्या घरून निघालो, जुराँग ईस्टला मेट्रो बदलली आणि दहाच्या सुमारास क्रांजीच्या युद्ध-दफनभूमीत पोचलो. हिरवीगार टेकडी, पांढऱ्या दगडांच्या रांगा, लख्ख ऊन. भीतीबिती काही नाही, उलट फार शांत वाटलं. पण आडनाव कुठे माहीत होतं? दगडांवर आडनाव पूर्ण, पण पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. दोन तास हिंडून कॅनडाचे 'जे' शोधले, तर ते निघाले चार! यातला आपला कोणता? आजोबांना काय सांगू? घामाघूम होऊन शेवटच्या 'जे'जवळ बसलो.

"हॉट, एह?"

पलीकडे एक गोरा, हडकुळा पोरगा बसला होता. खाकी हाफपँट, नाकावर उन्हाने निघालेली सालपटं. टुरिस्ट असेल. त्याने पाण्यासाठी हात पुढे केला, मी बाटली दिली. आमच्याकडे बाटली वरून पितात, उष्टी करत नाहीत – आईची शिस्त. या पठ्ठ्याने सरळ तोंड लावलं. बरोबर अर्धी संपवली, बुडावर दोन टिचक्या मारल्या आणि परत देत म्हणाला, "हाफ इज युवर्स."

मी जरा घुटमळलो. तो माझ्याकडेच बघत होता, हसत. मग पणजोबा आठवले आणि मीही तोंड लावून उरलेलं पाणी संपवलं. बाटली खाली घेतली तर समोर कुणी नाही. चहूकडे मोकळी हिरवळ… एवढ्यात कुठे जाणार? अंगावर काटा आला, पण खोटं कशाला सांगू, आनंदच झाला होता. त्या दगडाला थँक्यू म्हणालो, फोटो काढला.

आजोबांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. दगड दाखवला, बाकी काही बोललो नाही. फक्त विचारलं, "आजोबा, जिम पाणी प्यायला, पुढे काय झालं?"

"पुढं काय! अर्धी पेला, बाटलीच्या बुडावर दोन टिचक्या मारल्या, म्हने 'हाप युवर्स'. बा आमाले पानी देताना तसंच करे."

मग मी त्यांना सगळं सांगितलं.

"उरलेलं तू पेला ना?"

"हो."

"तोंड लावून?"

"हो, आजोबा."

"मंग झाली भेट," म्हणाले आणि उशीवर निवांत टेकले.

लहानपणी ही गोष्ट कानावर पडून डोक्यात राहिली असेल. उन्हाने भोवळ आली असेल. स्वतःला सगळं विचारून झालं, एकही उत्तर टेस्टला उतरत नाही. आजोबा घरी आलेत, दोन वेळा नीट जेवतात. मी मात्र तेव्हापासून बाटली वरून प्यायचं सोडलंय.