दाजींची झोप

"दाजी झोपले ते उठलेच नाहीत," अक्का फोनवर म्हणाली. मी सुरतेत पांडेसऱ्याला, कापड रंगवायच्या डाइंग कारखान्याबाहेर चहा पीत उभा होतो. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरंच वाटलं. आमच्या घरात एके काळी दाजी झोपले, ही फोन करून कळवण्यासारखी बातमी होती… मग अक्काचा श्वास ऐकू आला आणि चहा हातातच राहिला.

दाजी म्हणजे अक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सुरतेतच उधन्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कारागीर. बारा तासांची पाळी निभावी म्हणून टपरीवरून अंगदुखीची गोळी घ्यायला लागले. पुढे अंग दुखो न दुखो, गोळी लागायचीच. व्यसन म्हटलं की खवळायचे. त्यांच्या मते त्यांना चार वेगवेगळे आजार होते. झोप येत नाही, त्याला डॉक्टर. पाय ओढतात, त्याला तेल. घाम फुटतो, त्याला सुरतची हवा. आणि राग येतो, त्याला मी. शेवटी अक्काने बजावलं, "गोळी सोडा, नाहीतर पोरींना घेऊन मी धुळ्याला चालले." ती बोलली की करते, हे दाजींना ठाऊक होतं.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं. गोळी सुटली की झोप उडते, झोप उडाली की पाय जास्त दुखतात, पाय दुखले की चिडचिड, आणि चिडचिड झाली की पुन्हा गोळी आठवते. ही सगळी सख्खी भावंडं, एकाला आवरलं तर बाकीची थोडी वरमतात. दाजींनी विचारलं, "यातला थोरला कोण?" मॅडम हसल्या. "तुमच्या बाबतीत झोप दिसतेय."

मग आम्ही शहाण्यांनी काय करावं? झोपेला शांतता हवी म्हणून त्यांना गावी मळ्यात नेलं. ना गाडी, ना भोंगा… आणि दाजी टक्क जागे. पाय आपटायचे, बैलाशी भांडायचे. एका दुपारी वैतागून मला म्हणाले, "काहीतरी वाजव रे." मी तेलाचा रिकामा डबा बडवला. दाजी घोरायला लागले. हात थांबवला की डोळे उघडायचे. उधन्यात त्यांची खोली लूमच्या खात्याला, म्हणजे कारखान्याला भिंत लागून, सारं आयुष्य माणूस त्या खटखटीत झोपलेला. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

परत आणलं. अक्काचा जीव टांगणीला, कारण दारासमोर तीच टपरी. टपरीवाल्याला ती असं काही बोलून आली की त्यानंतर तो दाजींना साधा चहाही अक्काला विचारून द्यायचा. भिंतीपलीकडे खटखट सुरू होती आणि दाजी आडवे झाले. हळूहळू पाय निवळले, मग तोंड निवळलं. मधे एकदा घसरले, पुन्हा केंद्रात जावं लागलं… पण गोळी सुटली. एकदा मला प्रेमाने "जेवलास का?" विचारलं, तेव्हा मी घाबरलोच.

दाजी गेले त्या दिवशी शेठने मान म्हणून खातं बंद ठेवलं. दाजींना अंगणात निजवलं होतं. अक्का सकाळपासून रडली नव्हती. ती नुसती त्या गप्प भिंतीकडे बघत होती. मग कारागिरांकडे वळून म्हणाली, "चालू करा ना भो… नहीतर त्या जागा व्हई जातीन."

कुणीतरी आत जाऊन बटन दाबलं. खटखट सुरू झाली, आणि मग कुठे अक्का रडली.