गायरानाची सरासरी आणि ओढ्याकडचा हिरवा कोपरा

मित्रांनो, आज दुपारी जीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातलं, हिवाळ्यातलं एक उपग्रह-चित्र उघडलं. ताडकळसजवळच्या आमच्या गावाचं गायरान तेव्हा किती हिरवं होतं, ते बघायचं होतं. हिरवेपणाची सरासरी आली निव्वळ उजाड माळाइतकी.

आई शेजारीच बसलेली. म्हणाली, "असं कसं? तुझ्या बापानं अन् म्या तिथं ज्वारी पिकवली की!"

मग चित्रातले गायरानाचे सगळे ठिपके (पिक्सेल) हिरवेपणाच्या चढत्या क्रमानं लावून शतमक, म्हणजे शंभर भागांतले टप्पे, काढले. नव्वदावा शतमक चक्क पिकाइतका हिरवा, म्हणजे सगळ्यांत वरचे दहा टक्के ठिपके पिकाचे! ते ठिपके एकाच जागी होते, ओढ्याकडच्या कोपऱ्यात.

आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हाच आपला तुकडा. लोक अजून म्हणतेत, तुमी ही जमीन कधी कसलीच न्हाई."

तुमच्या गावाच्या सरासरीखाली कोण झाकलं गेलंय?